दोन गाठींमधली जागा

कोणतीही पिकअप बघायला गेलं की धनराजभाऊ आधी मला तिच्या मागच्या उघड्या डाल्यात बसवतात.

"बसा जी सर. वजन पाहिजे."

माझं वजन ब्याण्णव किलो. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत माझा उपयोग आता एवढाच उरला आहे. मी चढतो, धनराजभाऊ खाली वाकून स्प्रिंगचे पाटे किती दबले ते बघतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"चा अर्थ मला तीन वर्षांत कळलेला नाही.

धनराजभाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. पाईप, गाद्या, कढया वाहायच्या आणि मागे चाकांवरचा जनरेटर ओढायचा, म्हणजे दणकट गाडी हवी. ते खरंच. पण त्यासाठी माझे तीन वर्षांचे रविवार? जरीपटक्यापासून नंदनवनपर्यंत शहरातलं गाड्यांचं एकही दुकान आम्ही सोडलं नाही. पहिल्या खेपेला चहा मिळतो, दुसऱ्या खेपेला पाणी. तिसऱ्या खेपेला आम्ही दिसताच सगळे विक्रेते एकदम जेवायला जातात.

शिवाय ती लाल दोरी. तिला दोन गाठी. डाल्याच्या टोकापासून दोरी ताणायची आणि दोन्ही गाठींच्या मधोमध मला बसवायचं. "पाय लांब करा. आता मांडी घाला. उमरेडपावतो बसवते का असं?" मी कंटाळून बसवते म्हणायचो. बहुतेक गाड्यांत दोरी आरामात मावायची. मग खोट दुसरीकडे निघायची. हिचे पाटे कडक, तिचा हूक खाली, जनरेटर झोकांड्या खाईल. काहीच सापडलं नाही तर, "सगळं बराबर हाय, पण मन नाही भरून राहिलं. पाहू, घाई नाही."

मग दुकानाबाहेर येऊन उमरेडला फोन. तिथे त्यांचे वडील एकटे राहतात, ऐंशी उलटलेले विणकर. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर दोघंही ओरडतात. "पाहून राहिलो बाबूजी!" "पाय बापा, नीट पाय!"

गेल्या रविवारी मात्र खोट काढायला काही उरलंच नाही. दोरी मावली, पाटे मऊ, हूक बरोबर उंचीवर. विक्रेत्यानं फॉर्म काढला. धनराजभाऊ डाल्याच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "मन नाही भरून राहिलं."

माझा पारा चढला. "अहो, मला गुडघेदुखी आहे! काय न्यायचंय तुम्हाला या गाडीतून?"

"बाबूजीचा हातमाग," ते हळूच म्हणाले.

"माग खोलता येतो की!"

"अर्ध्या घंट्यात खोलते जी. मी कोष्ट्याचा पोरगा, मले नाही माहीत का? पण आजोबा गेले तवा त्यांचा खोलला होता. बाबूजी म्हणतात, माझा मी हाओ तोवर नाही खोलाचा. अख्खा नेशीन तं येतो."

"मग घ्या ना गाडी! कशाला थांबलात?"

"गाडी घेतली का मंग 'चला' म्हणा लागते. अन् नाही म्हणाले तं?" ते दोरीची गाठ चाचपत होते. "आई गेल्यापासून दर रविवारी एवढंच तं बोलतो आम्ही. पाहून राहिलो म्हटलं का ते येतीनच असं वाटते."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मी डाल्यातूनच म्हणालो, "लावा फोन."

त्यांनी स्पीकरवर लावला. "बाबूजी! गाडी भेटली!"

पलीकडे मागाचं खटक-खटक चालू होतं, ते थांबलं. विक्रेतासुद्धा पेन धरून उभा राहिला.

"माग अख्खा मावते का?"

"मावते!"

"मी त्याले एकटा नाही पाठवत. मी कुठं बसू गा?"

धनराजभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. पहिल्या गाठीपर्यंत माग आणि दोन गाठींमध्ये बाबूजी; तीन वर्षं मी कोणाच्या जागेवर बसत होतो, ते मला तेव्हा कळलं.

"मागापाशीच जागा हाय बाबूजी! आमचे सर बसून हायेत तिथं. मजेत बसवते!"

"मंग ये घ्याले," म्हातारा ओरडला.

विक्रेत्यानं फॉर्म पुढे केला. मी दोन गाठींच्या मधून उठलो आणि जागा रिकामी केली.