हिची वाढ व्हायची होती

बारामतीच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या ढिगापुढे बसून शिंप्याच्या टेपने मुशी मोजणारा माणूस मी एकच पाहिला. आमचा शेजारी वसंता. मुंबईला एम.एस्सी. करत होता, विषय मुशी, म्हणजे लहान जातीचे शार्क. आमच्यापासून समुद्र शंभर मैलांवर, तरी सुट्टीत आला की हा आधी बाजार गाठायचा.

“घेणार हाय का नुसती मापं काढणार?” मासळीवाली हिराबाई ओरडायची. “झंपर न्हाय शिवायचा तिला!”

“मावशी, नऊ इंच! हिची वाढ व्हायची होती. पोरंच खाल्ली तर समुद्रात उरंल काय?”

“समुद्र तुज्या आबाचा हाय व्हय?”

लोक हसायचे, एखादं गिऱ्हाईक मात्र खरंच माघारी फिरायचं.

मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही न मानणारा माणूस. एकदा तो म्हणाला, “अण्णा, या मुशीच्या पिल्लाला आईच्या पोटात नाळ असते. माणसासारखी.”

“थापा मारू नकोस.”

त्याने घरातून बरणी आणली. आत बोटाएवढं पिल्लू, पोटापासून निघालेला दोरा. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोरा नव्हता, नाळच होती. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

त्याच सुट्टीत त्याची बहीण शांता बाळंत झाली. मुलगी. पण शांताला दूध येईना. शतावरी झाली, अळीव झाले. पोर रडून रडून निळी पडायची. शेवटी सुईण म्हणाली, “सुक्या मुशीचं कालवण घाला. कवळी आणा, जून नगं.”

वसंता दारातच उभा होता. त्याने पिशवी उचलली. बाजाराचाच दिवस होता, मीही निघालो.

त्याला पाहताच हिराबाईने ढीग गोणपाटाने झाकला. “आज मापं न्हाईत!”

“मापं नकोत, मावशी. बारक्या दे. घरात बाळंतीण हाय.”

हिराबाईने गोणपाट बाजूला सारलं. तिने हाताने निवडून दिल्या. वरून एक जास्तीची घातली. ती मात्र त्याने परत ढिगावर ठेवली.

कालवण शिजत असताना तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, त्या वासाकडे पाठ करून. असे दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी शेजारचं रडणं थांबलं. वसंता ताडकन उठला. मी मागून गेलो.

पोर पिऊन झोपली होती. त्याने खिशातली टेप काढली आणि हलकेच तिच्या टाचेपासून टाळूपर्यंत धरली.

“वीस इंच, अण्णा,” तो कुजबुजला. “हिची वाढ व्हायची आहे.”