सुकलालआप्पा आणि गाळलेली हवा

सुकलालआप्पांच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी फडकं समोर यायचं.

काळंकुट्ट, मेणचट, हातभर लांबीचं फडकं. आप्पा ते दोन चिमटींत धरून, लग्नाच्या मुलीचा फोटो दाखवावा तशा कौतुकानं पाहुण्याच्या नाकासमोर धरायचे. "पाह्यलं का? आठ दिवसांची हवा आहे ही. हे सगळं तुमच्या छातीत गेलं असतं!" पाहुणा नवखा असला तर त्याला तिथल्या तिथे खोकला यायचा. मग आप्पा खूश होऊन पाणी आणायला आत जायचे.

मी तेव्हा सुरतेत, डिंडोलीत राहत होतो. मराठी शाळेत मास्तर. जालन्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला हे फडकं दाखवण्यात आलं आणि वर विचारण्यात आलं, "गुरुजी, तुम्ही सायन्स शिकवता ना? मंग सांगा. पानी गाळीसन पेतस, मंग हवा काबर नही?" आप्पा मूळ पारोळ्याकडचे. मनातलं बोलायचं असलं की ते अहिराणीवर यायचे. पाणी गाळून पिता, मग हवा का नाही? मी खरं तर भूगोल शिकवत होतो, पण मी नुसती मान हलवली. त्यांनी ते माझं अनुमोदन समजलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा सायन्सचा साक्षीदार झालो.

आप्पांनी तीस वर्षं कडोदऱ्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात मास्टर म्हणून काढली होती. बंद पडलेला लूम चालू करणारा माणूस. दोनशे लूम एकदम खटखटतात तिथे तीस वर्षं राहिलेल्या कानांचं जे होतं तेच त्यांच्या कानांचं झालं होतं. त्यामुळे ते स्वतः फार मोठ्यानं बोलायचे. आप्पांनी घरात गुपित सांगितलं की ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं. वहिनी दोन-तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, मुलगी बारडोलीला दिलेली. घरात आप्पा आणि त्यांचा पंखा.

हा पंखा म्हणजे भंगारातून आणलेला कारखान्याचा एक्झॉस्ट. आप्पांनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका बाजूला, उलटा बसवला होता, म्हणजे बाहेरची हवा आत ओढेल असा. त्याच्या तोंडावर लाकडी चौकट. चौकटीत आधी मच्छरदाणीची जाळी, मग न रंगवलेलं कोरं लूमचं कापड, मग मलमल. या शोधाची सुरुवात प्लेगच्या साली झाली. सगळी सुरत तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळत होती, तेव्हा आप्पांनी तो रुमाल खिडकीला बांधला आणि घरात बसून राहिले.

पहाटे पाच वाजता ते गॅलरीत येऊन शिट्टी मारायचे. ही सोसायटीला सूचना. "थंडी भरायची वेळ झाली! खिडक्या उघडा!" साडेआठला दुसरी शिट्टी. "थंडी कोंडा! खिडक्या लावा!" मग खिडक्यांवर गोणपाट पडायचे आणि संध्याकाळपर्यंत आप्पा अंधारात, डब्यातल्या लाडवासारखे बसून राहायचे. खरं सांगायचं तर एप्रिलपर्यंत ते घर खरोखरच आमच्यापेक्षा थंड असायचं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. बोललं की फडकं पुन्हा बाहेर यायचं.

एकदा फडकं पांढरंशुभ्र निघालं. आप्पा हबकले. चार दिवस झाले, एक डाग नाही! "गुरुजी, डिंडोलीची हवा सुधारली की काय?" त्यांचा चेहरा इतका पडला होता की हवा सुधारल्याबद्दल मलाच वाईट वाटलं. आम्ही दोघांनी स्टुलावर चढून पाहिलं. तेल घालताना आप्पांनी वायर उलटसुलट जोडली होती. गेले चार दिवस पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, आणि गेले चार दिवस आप्पा सगळ्यांना सांगत होते की एवढा गारवा आजवर कधी लागला नव्हता.

गारवा मोजायला त्यांच्याकडे थर्मामीटर होता. तापाचा. तो ते भिंतीवर उन्हाच्या बाजूला टांगायचे. "आज घराला एकशे दोन ताप आहे." मग पंखा लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, थर्मामीटर काढून मनगटानं तीन झटके द्यायचे आणि मला दाखवायचा. "उतरला का नाही? सत्त्याण्णव!" तापाचा पारा झटकल्याशिवाय कधीच उतरत नाही, हे मी त्यांना सांगणार होतो. दरवर्षी सांगणार होतो.

अशात कांतीभाईंनी ए.सी. आणला.

कांतीभाई म्हणजे समोरच्या विंगमधले सुताचे दलाल. त्यांची आणि आप्पांची खिडकी समोरासमोर, मध्ये चार हातांची बोळ. कांतीभाईंच्या त्या खोलीत त्यांची म्हातारी आई, बा, दिवसभर खाटेवर असायची. गुडघे गेलेले. आईला उन्हाळा सोसवत नाही म्हणून पोरानं हौसेनं सोसायटीतला पहिला ए.सी. घेतला आणि तिच्याच खिडकीत बसवला. खिडकी गच्च भरली. उरलेल्या फटी त्यांनी ठोकळे ठोकून बुजवल्या.

आता ए.सी. आत गार फेकतो तसा बाहेर गरम फेकतो. आणि बाहेर म्हणजे कुठे, तर आप्पांच्या खिडकीत. आप्पांचा पंखा ती गरम हवा इमानेइतबारे गाळून घरात घ्यायचा. "गुरुजी, त्या कांतीभाईचा उन्हाळा माझ्या घरी राह्यला आलाय!" असं म्हणत आप्पा गॅलरीत उभे राहून ओरडले, तेव्हा सगळी सोसायटी हसली. कांतीभाई मात्र चिडले. "आप्पा, मशीन साथे शरत लगाववी छे? लगाओ!"

झालं. मशीनशी पैज. मे महिन्यातला रविवार, दुपारी दोन. पंच म्हणून मी. दोन्ही घरांच्या दारांत माणसं इतकी दाटली की त्यांच्यामुळेच तपमान चढलं असणार.

आधी आप्पांचं घर. थर्मामीटर भिंतीवर लावला, एकशे दोन निघाला. आप्पांनी पंखा लावला, दहा मिनिटं थांबले, झटके दिले. सत्त्याण्णव. टाळ्या. मग पारा पुन्हा चढू दिला, एकशे दोनवर आणला, आणि वरात निघावी तसे आम्ही सगळे तो थर्मामीटर घेऊन कांतीभाईंकडे गेलो.

आत शिरताच सगळ्यांच्या तोंडून "आहाहा" निघालं. काय ते गारेगार! पाण्याच्या माठात शिरल्यासारखं. दहा मिनिटांनी थर्मामीटर पाहिला. एकशे दोन.

"जिंकलो!" आप्पा गरजले.

"अरे झटको तो खरा!" कांतीभाई ओरडले.

"झटकायचं नाही! मशीन खरं असेल तर आपोआप उतरंल!"

कांतीभाई माझ्याकडे वळले. "मास्तर, तमे बोलो." आप्पाही माझ्याकडे पाहू लागले. अंगावर काटा येईल इतक्या गार खोलीत मला घाम फुटला. शेवटी मी म्हणालो की या बाबतीत बांचं मत घ्यावं, कारण खोली त्यांची.

बा खाटेवर शाल पांघरून बसली होती. आम्हाला सगळ्यांना एकदम पाहून तिचा चेहरा उजळला होता. ती म्हणाली, "हुं तो बरणीनुं अथाणुं थई गई!" म्हणजे मी तर बरणीतलं लोणचं होऊन बसले आहे. लोक पोट धरून हसले. कांतीभाईही हसले.

आप्पा हसले नाहीत. ते खाटेजवळ गेले, वाकले आणि काहीतरी विचारलं. बा बोलली. मशीनच्या घरघरीत आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. बा पुन्हा बोलली. तेवढ्यात कोणीतरी थंडीत उभं राहण्यासाठी धक्काबुक्की सुरू केली आणि आप्पा मागे ढकलले गेले. मग ते थर्मामीटर तिथेच टाकून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी झाली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कांतीभाई मनानं चांगले. त्यांनी पत्र्याचा तुकडा आणला, गरम हवा वरच्या वर वळवायला. तो घेऊन ते माझ्याकडे आले. "मास्तर, आप्पाने समजावो ने. झगडो नथी करवो." आप्पांना समजवा, भांडण नको.

मी पत्रा घेऊन आप्पांकडे गेलो. पंखा बंद होता. आप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसून चहात पाव बुडवून खात होते. तवा पालथा, भांडी कोरडी.

मी म्हणालो, "आप्पा, जेवण?"

"हेच."

"किती दिवस?"

"आखाजीपासून." म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, महिना होत आला होता. ए.सी. आला त्याच सुमाराला.

मी पत्र्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "गरम हवा येऊ द्या हो. मले तिचं काय दुखनं नही." मग हातातला पाव बशीत ठेवला. "खिडकी बंद व्हयनी, गुरुजी." म्हणजे समोरची खिडकी बंद झाली.

आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, मला कान पुढे करावा लागला इतक्या हळू, त्यांनी सांगितलं. वहिनी गेल्या तेव्हा दीड-दोन महिने त्यांनी चूल पेटवली नव्हती. एका संध्याकाळी समोरच्या खिडकीतून बानं हाक मारली, "सुकलाल, जम्यो के?" जेवलास का? हे म्हणाले, हो. तर म्हातारी म्हणाली, "शुं बनाव्युं?" काय केलंस? आणि तिच्या खाटेवरून यांची शेगडी सरळ दिसायची. खोटं बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या धाकानं ते भाजी करायला लागले. रोज दिवेलागणीला ती विचारायची, आणि हे सांगायचे. मीठ किती, फोडणी कशाची, सगळं. ऐकू यावं म्हणून तेवढा वेळ पंखाही बंद ठेवायचे.

"आता कोनी इचारत नही," आप्पा म्हणाले. "मंग कोनासाठी रांधू?"

मी पत्रा तसाच परत घेऊन गेलो आणि कांतीभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पत्रा माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवला. म्हणाले, "बा पण आजकाल बोलती नथी. मने एम के थाकी गई छे." त्यांना वाटत होतं, आई थकली म्हणून गप्प आहे.

त्या आठवड्यात ए.सी. कांतीभाईंच्या स्वतःच्या खोलीत गेला. बाच्या खिडकीसाठी आप्पांनी पंखा बनवायला घेतला. अकरा दिवस लागले. लहान पात्याचा, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात बसेल असा, वरची झडप मोकळी. मलमलीचे दोन पदर, कारण म्हातारीची छाती नाजूक. आणि मुख्य म्हणजे आवाज नको. तीस वर्षं खटखटाट दुरुस्त करणारा तो माणूस एकेका पात्याला कानशीनं घासून, छातीशी धरून, कान लावून पाहायचा. स्वतःला ऐकू येत नव्हतं म्हणून मला बोलावून विचारायचा, "वाजतोय का? खरं सांगा."

बसवला त्या संध्याकाळी मी आप्पांच्या स्वयंपाकघरात होतो. शेगडीवर वांगं भाजत होतं. समोर वरच्या झडपेतून बाचं डोकं दिसलं.

"सुकलाल, जम्यो के?"

"भरीत करी राहिनू, बा!" आप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरच्या लोकांनीही खाली डोकावून पाहिलं.

"मरचुं ओछुं नाखजे!" मिरची कमी घाल.

"काय?"

"मरचुं! ओछुं!"

आप्पांनी कानाला हात लावला आणि पुन्हा म्हणाले, "काय म्हन्ता?" बा तिसऱ्यांदा, खिडकीच्या गजाला धरून, सगळा जीव एकवटून ओरडली.

मी आप्पांकडे पाहिलं. बानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्यांनी हातातल्या चार मिरच्यांपैकी दोन बाजूला काढून ठेवल्या होत्या.