न आलेल्या गाडीचा फोटो

“गाडी कुठाय?” फाटक उघडता उघडताच रादका मावशीनं विचारलं.

सकाळच्या बसमधून उतरलेल्या यावोरच्या एका खांद्यावर कॅमेऱ्याचा स्टँड होता, दुसऱ्यावर बॅग, आणि काखेत टरबुजाएवढा, आरशासारखा चकचकीत पोलादी गोळा. गाडी नव्हती. गाडी बघायला मात्र आमचं अख्खं ड्रेनोवो रस्त्यात येऊन उभं राहिलं होतं.

“गाडी नसतेच गं मावशी. ती कॉम्प्युटरवर तयार झालीये. मी फक्त रस्त्याचा फोटो काढणार आणि ऑफिसात बसून तिला त्यात उभी करणार.”

“म्हणजे खोटी?”

“खोटीच. पण खोटी दिसली, तर मी मेलो.”

आमचा यावोर तिकडं प्लोव्हदिव्ह शहरात हेच काम करतो. गाड्यांच्या जाहिराती असतात ना, गाडी कुठंतरी डोंगरात नाहीतर समुद्राकाठी ऐटीत उभी असते? ती तिथं कधी गेलेलीच नसते. चार वर्षं यावोर दुसऱ्यांच्या फोटोतल्या गाड्यांचे टायर तेवढे रंगवत होता. आता कुठं कालिनाबाईंनी, म्हणजे त्याच्या साहेबीणबाईंनी, एक अख्खा फोटो त्याच्यावर सोपवला होता. शुक्रवारपर्यंत तो पास झाला तर पुढचे अकराही त्याचे. नाही झाला तर पुन्हा टायर.

त्यानं खडूनं रस्त्यावर चार फुल्या मारल्या. “इथं चाकं येणार,” असं त्यानं एकदाच सांगितलं आणि त्या क्षणापासून गावानं ती जागा सोडली. पोस्टमननं सायकल वळसा घालून नेली. समोरच्या पेंकाची शेळी फुल्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तेव्हा पेंका ओरडली, “अगं बये, गाडीला शिंगं लागतील!” आणि कुणी हसलंसुद्धा नाही.

भांडण लागलं ते फाटकावरून. पेंकाचं फाटक निळं, वर द्राक्षाचा मांडव, सकाळचं ऊनही नेमकं तिथंच. यावोरनं कॅमेरा तिकडं रोखला आणि साहजिकच मावशीच्या घराकडं त्याची पाठ झाली.

“शाळेत असताना तुला डबे कोण द्यायचं रे?” मावशीनं मागून विचारलं.

“तूच.”

“आणि फोटो पेंकाच्या घराचा?”

“फाटक बघून फोटो काढतात गं रादका,” पेंका पलीकडून म्हणाली, “डबे बघून नाही!”

मावशीचा चेहरा पडला. “आमच्या दारात गाडी यायचीच नाही म्हणायची,” एवढंच ती बोलली. हे टोमण्यासारखं वाटतं, पण टोमणा नव्हता. मेतोदी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, तरुणपणी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं. तेव्हा गाडी दुकानात मिळत नसे, नंबर लागावा लागे. काकांनी आधी गॅरेज बांधून घेतलं. दर शनिवारी ते फाटकासमोरची जागा झाडून ठेवायचे. बारा वर्षं झाडली. नंबर लागायच्या आत सरकारच पडलं आणि ती यादीही गेली. पुढं काकाही गेले. गॅरेजात आता कोंबड्या आहेत.

यावोरला राहवेना. त्यानं तो पोलादी गोळा मावशीपुढं धरला. “हे बघ, यात काय दिसतं?”

“माझं नाक.”

“आणि मागं?”

“घर, फाटक, अख्खा रस्ता.”

“गाडीचा पत्राही असाच चकचकीत असतो. गाडी जिथं उभी राहणार तिथं हा गोळा ठेवून मी याचे फोटो काढणार. गोळ्याला जे दिसतं तेच गाडीच्या दारात उमटतं. म्हणजे तुझं घर जाहिरातीत असणार, गाडीच्या दारात.”

“आणि मी फाटकात उभी असले तर?”

“तर तूही असणार. अगदी नक्की.”

हे बोलायला नको होतं, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं.

गोळ्याचा एक फोटो पुरत नाही. अगदी काळोख्या फोटोपासून अगदी उजळपर्यंत पाच काढावे लागतात, आणि मग ते एकावर एक बसवून कॉम्प्युटरला समजावावं लागतं की ऊन केवढं आहे, सावली केवढी. पाचही वेळा समोरचं काहीएक हलता कामा नये. त्यात आभाळात ढग लागलेले. एक फोटो झाला की ढग यायचा, मग पुन्हा तसंच ऊन पडेपर्यंत दहा मिनिटं थांबा. यावोरनं पेंकाला मिरच्या भाजणं थांबवायला लावलं. शेळी बांधायला लावली. पोरांना भिंतीवरून उतरवलं. मागं वळून मात्र त्यानं एकदाही बघितलं नाही. मागं मावशीची नुसती धावपळ चालली होती.

प्लोव्हदिव्हला परत आल्यावर त्यानं गाडी रस्त्यात उभी केली. असं काम मी तरी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. टायर जिथं जमिनीला टेकतो तिथली ती बारीक काळी रेघ त्यानं केसाएवढी जाड ठेवली, कारण ती नसली की गाडी तरंगते. बॉनेटवर आभाळाचा निळा रंग आणला, खालच्या पत्र्यावर तापलेल्या दगडांचा पिवळा. रस्त्याच्या फोटोला होता तेवढाच दाणेदारपणा गाडीलाही दिला, म्हणजे दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखी दिसावीत. मागच्या चाकाला धूळ लावली. काचेवर पेंकाच्या मांडवाचं एक पान टाकलं.

बुधवारी त्यानं कच्ची, छोटी प्रत गिऱ्हाइकाकडं पाठवली आणि मोठी प्रत कालिनाबाईंना दाखवली.

“अरे वा!” बाई म्हणाल्या. “दार उघडून आत बसावंसं वाटतंय.” मग त्या पडद्याजवळ वाकल्या. “यावोर, या कोण?”

“कोण?”

“या दारातल्या. पाच जणी आहेत.”

यावोरनं दार मोठं करून बघितलं आणि कपाळावर हात मारला. एक मावशी फुलांची कुंडी घेऊन होती. दुसरी गालिचा झटकत होती. तिसरीनं डोक्याचा रुमाल बदलला होता. चौथीच्या हातात चीज भरलेल्या बानित्साचं ताट होतं, गाडीला खाऊ घालणार असल्यासारखं. पाचवी काहीतरी छातीशी धरून उभी होती. पाच फोटो एकावर एक बसवलेले, म्हणून पाची जणी एकमेकींच्या आरपार दिसत होत्या.

“भुतांचा मेळावा वाटतोय हा,” बाई म्हणाल्या. “पूस सगळं. दार स्वच्छ हवं.”

“बाई, निदान एक तरी…”

“एकही नको!”

त्यानं मनातल्या मनात मावशीची माफी मागितली आणि पुसायला घेतलं. एक मावशी पुसायची तर तिच्यामागचं फाटक विस्कटे, फाटक सावरायला जावं तर भिंत बिघडे. शेवटी त्यानं सगळंच साफ केलं. दार गुळगुळीत झालं. त्या दिवशी तो जेवला नाही.

गुरुवारी पडद्यावर हर्मान साहेब आले. हे गिऱ्हाईक, राहणार परदेशात, शब्द मोजून बोलणारे.

“गाडी छान आहे,” ते म्हणाले. “पण ती रस्त्यात नाही. चिकटवलेली आहे.”

यावोरनं सावली गडद केली. “चिकटवलेली आहे.” धूळ वाढवली. “आता मळलेली आणि चिकटवलेली आहे.” त्यानं आणखी दोन पानं टाकली, सीटवर एक टोपी ठेवली, नंबरप्लेट जराशी तिरकी केली. शुक्रवारी दुपारपर्यंत सात प्रती झाल्या. त्याला सगळीकडं टायर दिसायला लागले होते.

“एक सांगू का?” हर्मान साहेब म्हणाले. “तुमची बुधवारची छोटी प्रत माझ्याकडं आहे. त्यातली गाडी खरी होती, हो! ती त्याच गल्लीत उभी होती. दारात काहीतरी होतं. काय होतं ते?”

कालिनाबाईंनी यावोरकडं बघितलं. यावोरनं जमिनीकडं.

“माझी मावशी,” तो म्हणाला.

हर्मान साहेबांनी ती छोटी प्रत पुन्हा उघडली. “मला पुष्कळ माणसं दिसली होती. किती मावश्या आहेत तुम्हाला?”

“एकच आहे. ती पाचदा आली.”

“एक पुरे,” हर्मान साहेब म्हणाले. “तिला परत आणा.”

आता कोणती आणायची? कुंडीवाली धावताना पुसट झाली होती, गालिचावालीला चेहराच नव्हता, रुमालवाली अर्धी फाटकामागं, ताटवाली पेंकाकडं बघून नाक मुरडत होती. राहिली पाचवी. हा शेवटचा फोटो सगळ्यात जास्त वेळ चालतो, जरा हललं तर माणूस विरघळतो. मावशी हललीच नव्हती. यावोरनं तिच्या हातातली वस्तू मोठी करून बघितली. ती फोटोची चौकट होती. चौकटीत मिशा नीट विंचरलेले मेतोदी काका होते.

बाकीचं सगळं तिनं गाडीला दाखवायला आणलं होतं. शेवटी तिनं काकांना गाडी दाखवायला आणलं होतं.

चौकटीच्या काचेवरची चमक त्यानं हलक्या हातानं कमी केली. दाराच्या गोलाईबरोबर मावशीला वळवलं, भिंत आणली, फाटक आणलं, कोंबड्यांचं गॅरेजसुद्धा आणलं. चार वाजता फोटो गेला, सव्वाचारला पास झाला. “हे शिकवून येत नाही,” असं हर्मान साहेबांनी लिहिलं होतं, आणि ते कालिनाबाईंनी सगळ्या ऑफिसला मोठ्यांदा वाचून दाखवलं. पुढचे अकरा फोटो यावोरचे झाले.

महिन्याभरानं आमच्या फाट्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेला, भला थोरला बोर्ड लागला. सगळं गाव बघायला गेलं. यावोरही आला होता, पण मागं मागंच राहत होता. पेंका सगळ्यांच्या पुढं.

“माझं फाटक! माझा मांडव! बघ गं रादका, कुणाच्या दारात आहे गाडी?” मग तिनं गाडीच्या दारात निरखून बघितलं. “अगंबाई! ही तू? केवढी रुंद दिसतेयस!”

मावशीनं चष्मा लावला. यावोर हळूच पुढं सरकला. मावशीनं स्वतःकडं बघितलंच नाही. ड्रायव्हरच्या काचेच्या बरोबर खाली, ताटलीएवढा, मिशा विंचरलेला चेहरा होता. तिनं तो बोट करून दाखवला.

“बारा वर्षं थांबला माणूस. बसला एकदाचा गाडीत.”

पेंकानं मावशीचा दंड धरला.

“राहू दे गं माझ्याच दारात उभी,” ती म्हणाली. “तिथनं त्याला घर दिसतं.”

“राहू दे,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “पण तेवढी शेळी बांधून ठेव. नवी गाडी आहे.”