आईसाठी लॉन

लॉन लावणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असं मी प्राचीला छातीठोकपणे सांगितलं. "अगं, कळसच्या शेतकऱ्याच्या पोटचा आहे मी! आमच्या रक्तातच शेती!"

"रक्तात असेल," बायको म्हणाली, "हातात कधी दिसली नाही. मागच्या वर्षी मनीप्लांटसुद्धा तुमच्या हातून मेलं!"

बारामतीतल्या आमच्या घरापुढं चार खाटा मावतील एवढी बाग आहे. घर बांधल्यापासून मी तिच्यात प्लॅस्टिकचं गवत अंथरलं होतं. पाणी नको, कापणी नको, अधूनमधून झाडू मारला की बाग ताजी! मला त्याचा फार अभिमान होता. मग आई राहायला आली.

वडील गेल्यावर आई कळसला एकटीच होती. गोठ्यात पाय घसरून पडली, तेव्हा मी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. आल्या आल्या तिनं चपला काढून त्या गवतावर पाय ठेवला आणि चटका बसल्यागत मागं घेतला. "आवी, ही सतरंजी उन्हात कशाला टाकलीया रं?"

"आई, लॉन आहे ते!"

"आसंल बाबा."

तिला काही करमेना. प्राची स्वयंपाकघरात काही करू देईना, टीव्ही तिला बघवेना. अर्धी भाकरी टाकून उठायची. आणि चार दिवस गेले की पिशवी भरून दारात उभी! "जाते मी कळसला. हितं माजं काय काम हाय?" तिला पुन्हा तिथं एकटीला सोडायची माझी तयारी नव्हती. दर वेळी काहीतरी थाप मारून मी ती पिशवी रिकामी करायला लावायचो. पण थापा तरी किती पुरणार?

म्हणून लॉन! खरंखुरं, जिवंत! पायाखाली ओलं गवत आलं की आई इथंच रमेल, असा माझा हिशेब.

आई आठवडाभर पळसदेवला मावशीकडं गेली, तेवढ्यात मी डाव साधला. आधी ते प्लॅस्टिक काढायला घेतलं. ते काही केल्या सुटेना. सगळं बळ लावून ओढलं, तर एकदम सुटलं, आणि मी त्यात गुंडाळला जाऊन फाटकापर्यंत गडगडत गेलो! मला सोडवण्याआधी प्राचीनं फोटो काढला. तो आता आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांकडं आहे.

मग इंदापूर रोडवरच्या नर्सरीतून इस्माईलभाईंना बोलावलं. "साहेब, परदेशी जात नको. आपल्या उन्हात टिकायची न्हाय," ते म्हणाले. "देशी घ्या. मारली तरी मरत न्हाय!" त्यांनी गवताचे हिरवेगार तुकडे आणून एकाला एक लावून गालिच्यासारखे बसवले. कोपऱ्यात प्राचीनं एक गुलाब लावला. मी त्या लॉनवर अनवाणी उभा राहिलो आणि मला उगाचच भरून आलं.

आई परत आली ती अंधार पडल्यावर. सकाळी आम्हा दोघांनाही ऑफिसची घाई. निघता निघता मी नुसतं म्हणालो, "आई, बागेत जाऊन बघ. तुझ्यासाठी काहीतरी लावलंय!"

दुपारी तिचा फोन. आवाज कसा खणखणीत! "आवी, बगितलं रं!"

"आवडलं?"

"लई झ्याक! पन येळंवर बगितलं म्हनून बरं. तू काळजी करू नगंस, समदं नीट करते!"

नीट म्हणजे काय, हे विचारायच्या आत तिनं फोन ठेवला. मी ऑफिसभर सांगत सुटलो, आईला लॉन आवडलं! सगळ्यांना चहा पाजला!

संध्याकाळी घरी आलो, तर फाटकाबाहेर शेजारच्या मुनिराभाभींच्या दोन शेळ्या एका हिरव्या ढिगात तोंड खुपसून उभ्या. आत काळीभोर उघडी माती! नावाला एक पातं नाही! मधोमध आई, पदर खोचून, हातात खुरपं. आणि कोपऱ्यात तो गुलाब, भोवती सुबक आळं केलेला, लग्नातल्या नवरदेवासारखा एकटाच मिरवत उभा!

"आलास? बग, तुजा गुलाब वाचिवला!" आई म्हणाली. "आरं, निस्ती हरळी माजली व्हती! गिळलाच आसता की त्याला!"

हरळी! अहो, आमच्याकडं शेतकरी जन्मभर जिच्याशी भांडतो, ती ही हरळी. रानात दिसली तर वाटसरूसुद्धा वाकून उपटतो. आईचं आयुष्य ती खुरपण्यात गेलं. आणि तीच मी विकत आणून, पाणी घालून तिच्यासाठी अंथरली होती! मला ती ओळखू आली नाही, कारण रानात मी जायचो ते फक्त आईबरोबर भाकरी खायला.

नेमके तेव्हाच इस्माईलभाई आले, लॉनला पाणी पुरतंय का बघायला! माती बघून त्यांनी आ वासला. "या अल्ला! आजी, आवो, ती तर मी..."

मी त्यांचा हात असा दाबला की ते कळवळले. मग त्यांनी आईच्या मातीनं भरलेल्या हातांकडं बघितलं, तिच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं. "व्हय आजी," ते हळूच म्हणाले, "हरळीच की ती. कुटनं आली काय म्हाईत!"

त्या दिवशी आईनं दोन भाकरी खाल्ल्या. मी खूश होऊन तिच्या खोलीत डोकावलो, तर कोपऱ्यात पिशवी भरलेली! माझं तोंडच उतरलं.

"उंद्या जानार व्हते," आई म्हणाली. "पन आता कशी जाऊ? हरळी हाय ती. एक कांडी ऱ्हायली तरी पुन्यांदा येती. ती सपंस्तवर मला हलता येनार न्हाय." आणि तिनं स्वतःच्या हातानं पिशवी रिकामी केली. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

पण आई कसली! रोज उठून अशी खुरपत सुटली की थोड्याच दिवसांत हरळीची कांडी औषधालाही सापडेना. मला धडकी भरली. मी गुपचूप नर्सरी गाठली. "इस्माईलभाई, देशी द्या. थोडीच. पिशवीत घालून." त्यांनी हसून पिशवी भरून दिली.

तेव्हापासून आई आंघोळीला गेली की मी गुलाबामागं चार कांड्या खोचून येतो. सगळ्या बारामती तालुक्यात हरळी विकत आणून लावणारा मीच पहिला! वर आईसमोर कपाळाला हात लावून म्हणतो, "काय बाई ही! पुन्हा उगवली?"

एक दिवस मी ऑफिसला निघालो, तेव्हा आई खुरपत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "आवी."

"काय गं?"

"लावतूस ती मुळं खाली करून लावत जा. परवाची समदी उलटी व्हती."

माझे कान तापले.

"आन तिकडं भिंतीच्या कडंला लाव," आई म्हणाली. "फुडल्या उन्हाळ्यात तितं सावली ऱ्हाईल. मला उन्हात बसवत न्हाय आता."

आता भिंतीकडेला लावतो. मुळं खाली आहेत ना, हे प्राची तपासून देते!