एक चौकट जास्त

ढब्बूच्या आईनं त्या संध्याकाळी फक्त आठ विटा उचलल्या. घर बांधायला काढलं की माणसं काय काय उचलतात, काय काय डोक्यावर घेतात. तिनं आपल्या आठच विटा, त्याही हातात, आणि त्याही चांगल्या कामासाठी. पण त्या आठ विटांनी जो घोळ घातला तो आठ हजार विटांना जमला नसता.

आधी जोत्याचं सांगायला हवं. जोतं तयार झालं आणि मिस्त्रीनं त्यावर पांढऱ्या फक्कीनं सगळ्या खोल्या आखल्या. ही बैठक, हे स्वयंपाकघर, ही निजायची खोली, आणि कोपऱ्यातली छोटी, ती सासूबाईंची. भिंत तिथं रेघ, दार तिथं रेघ तोडलेली. झालं! ढब्बूची आई त्या दिवसापासून त्या रेघांत राहायलाच गेली.

रोज उन्हं कलली की ती आठ महिन्यांच्या ढब्बूला कडेवर घेऊन भाड्याच्या खोलीतून प्लॉटवर यायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, सगळे त्याला घड्याळजीच म्हणायचे. दुकान बंद करून तो थेट तिथंच यायचा. यायचा तो सरळ तिच्यापर्यंत.

"अहो, भिंतीतून काय येताय?"

"कुठली भिंत?"

"रेघ दिसत नाही? दार तिकडं आहे."

घड्याळजी गरीब माणूस. चार पावलं मागं जायचा, वळसा घालून दारातून यायचा.

"बरं, आता?"

"आता दार लावून घ्या. वारं येतंय."

तो हवेतलं दारही लावायचा. ती हवेतल्या ओट्यावर चहा ठेवायची, हवेतली खिडकी उघडायची, आणि खिडकीतून खरंखुरं आभाळ आत यायचं. कधी पिवळं, कधी फिकट गुलाबी. तिला वाटायचं, हे घर असंच राहिलं तर काय बिघडलं? झाडायला नको, पुसायला नको. गच्चीवर जायचं मनात आलं तर ती नुसती मान वर करायची. तिथं ढब्बूची दुपटी वाळताना दिसायची, ओळीनं, पांढरीशुभ्र, आणि त्यांच्यामधून पाखरं घरी जाताना.

(घर बांधणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला. रेघांत आठवडाभर अवश्य राहून बघावं. खाट आणून ठेवावी, कपाटाचं दार कुठं उघडतं ते बघावं, दोन माणसं एकमेकांना न धडकता जातात का तेही. ढब्बूच्या आईनं खाट ठेवून बघितली तेव्हाच कळलं की निजायच्या खोलीत खाट मावते, पण माणसाला खाटेवरूनच खोलीत यावं लागतं. मग ती रेघ दोन वीत सरकवली. रेघ सरकवायला फुंकर पुरते, भिंत सरकवायला घण लागतो.)

आता सासूबाईंचं. सासूबाईंनी तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढली होती आणि आता त्या बहिणीकडे राहत होत्या. त्यांनी येऊन राहावं म्हणून ढब्बूची आई कासावीस झाली होती. लोक म्हणायचे, सून असून सासूला बोलावते, हिला ताप तर नाही ना! पण ज्यांच्या घरी पहिलं मूल आहे त्यांनाच तिचा जीव कळेल. ढब्बू शिंकला की हिच्या काळजाचा ठोका चुकायचा. तो झोपला की ही त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. घरात एक नर्स असावी, तीही हक्काची, यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

सासूबाईंनी फोनवर एकच अट घातली होती.

"येईन. पण मला माझी खोली हवी, खोलीला माझं दार हवं, आणि दाराला आतून कडी. जन्मभर वॉर्डात झोपले ग. वॉर्डाच्या दाराला कडी नसते. तेवढं जमत असेल तर सांग, नाहीतर मी आहे तिथं बरी आहे."

"जमेल आई! दार म्हणजे काय, मोठ्ठं दार!"

आता राहिला मिस्त्री. मिस्त्रीचा हात सोन्यासारखा, पण त्यानं डोकं बाजूला काढून ठेवलेलं. मागं एका घरी त्यानं आपल्या मनानं न्हाणीघराची खिडकी मोठी केली होती, आणि त्या घरच्या बाईंनी त्याला न्हाणीघर पुरं होण्याआधीच धुऊन काढलं. तेव्हापासून त्याचा एक नियम होता.

"वहिनी, तुम्ही दाखवा, मी बांधतो. दाखवलंत तिथं भिंत, नाही दाखवलंत तिथं नाही. विचारणार नाही, सांगणार नाही. माझं डोकं मधे येणार नाही."

"किती बरं झालं!" ढब्बूची आई म्हणाली. (ऐकणारा मिस्त्री मिळाला म्हणून तिनं शेजारणीला पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.)

मिस्त्रीनं रेघांवर विटांचे पहिले दोन थर लावले. सुतार चौकटी आज देतो, उद्या देतो करत होता, म्हणून दारांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. आणि नेमका त्याच दिवशी ढब्बू रांगायला लागला.

रांगायला म्हणजे काय, सुटायलाच लागला. जोतं कमरेएवढं उंच. तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, ढब्बू काठापर्यंत जातोय, ढब्बू खाली डोकावतोय... पुढचं तिला दिसेना, कारण तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. मग तिला युक्ती सुचली. सासूबाईंची खोली सगळ्यांत लहान, चारी बाजूंनी दोन-दोन विटा, फक्त दाराची तेवढी फट. तिनं आठ विटा आणल्या आणि त्या फटीत लावल्या. खाली चार, वर चार. नीटनेटकी बाई! सांध्यावर सांधा येऊ दिला नाही, कड कडेला जुळवली. आत चादर अंथरली, ढब्बूला सोडलं, आणि स्वतः शेजारच्या स्वयंपाकघरात हवेतला चहा पीत बसली. कित्येक दिवसांनी तिच्या मनाला असा निवांतपणा मिळाला होता. आभाळ जांभळं झालं. घड्याळजी आला, दारातून आला. तिघं घरी गेले.

विटा तिथंच राहिल्या.

त्याच रात्री ढब्बूला दात येण्याचा ताप भरला. पुढचे बारा दिवस ती प्लॉटवर फिरकली नाही. घड्याळजी रोज जाऊन यायचा.

"काय झालं आज?"

"भिंती छातीपर्यंत आल्या."

"आणि आज?"

"डोक्याच्या वर गेल्या. सुतारानं चौकटी आणल्या, त्याही बसल्या."

"सगळं ठीक ना? काही कमी नाही ना?"

"कमी? उलट एक चौकट जास्तच आहे."

"जास्त?" तिचे डोळे चमकले. "सुतारानं चुकून दिली असेल. तुम्ही बोलू नका काही."

"मी कशाला बोलतोय!"

(इथं एक सांगायला हवं. हा माणूस डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगमधला वाक ओळखायचा. पण पुऱ्या घरातून अख्खं दार गेलं तर त्याला पत्ता नाही. दार भिंगाखाली मावत नाही ना.)

तेराव्या दिवशी ती आली, पण घरात गेली नाही. मिस्त्री मचाणावर, वर विटा, खाली ढब्बू! ती वीस पावलं लांब झाडाखाली बसली. जास्तीची चौकट त्याच झाडाला टेकवून ठेवली होती. भाड्याच्या खोलीत उन्हाचा कवडसाही यायचा नाही, इथं ऊन नुसतं सांडलेलं. तिनं चौकटीत दोरी बांधली आणि ढब्बूची दुपटी वाळत घातली. दुपट्यांमधून आभाळ दिसायचं, वाऱ्यानं ती हलायची, आणि तिला वाटायचं, बघा, देवाच्या मनात असलं की सुताराच्या हातूनही चूक होते!

रोज ती दुपटी घेऊन यायची आणि रोज त्या चौकटीकडं मायेनं बघायची. सासूबाईंचं दार झाडाखाली दुपटी वाळवत उभं आहे, हे तिला कोण सांगणार? मिस्त्री सांगणार नव्हता. त्याचा नियम होता.

मग एका सकाळी सासूबाई घर बघायला आल्या. सरळ कण्याच्या, कमी बोलणाऱ्या, हातात छोटी पिशवी. मिस्त्रीनं काम थांबवलं. ढब्बूची आई पहिल्यांदाच भिंतींच्या आत शिरली आणि भारावून गेली. रेघा उभ्या राहिल्या होत्या!

"ही बैठक, आई. हे स्वयंपाकघर. ही आमची खोली."

"आणि माझी?"

"ही काय, इकडं." ती कोपऱ्याकडं वळली. समोर भिंत. "नाही नाही, बैठकीतून आहे." बैठकीत आली. भिंत. "अहो, आईंची खोली कुठंय?"

"ही काय," घड्याळजीनं भिंतीवर थाप मारली. "हिच्या पलीकडं."

"पलीकडं कसं जायचं?"

घड्याळजी विचारात पडला. तिघं बाहेर पडली, घराला एक चक्कर मारली. बाहेरून खिडकी होती. खिडकीतून खोली दिसत होती. छान खोली होती. पुन्हा आत आली, पुन्हा चक्कर मारली.

"मिस्त्री!" ढब्बूच्या आईचा आवाज फाटला. "दार कुठं गेलं?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "वहिनी, दार तर तुम्हीच बंद केलंत. आठ विटा तुमच्या हातच्या. इतक्या सुरेख लावल्या होत्या, मी तशाच ठेवून वर बांधत गेलो."

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे माझ्या खोलीचं दार सूनबाईंनी स्वतःच्या हातानं बंद केलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं, आधी कळलं. येते मी."

"आई, थांबा! मी ढब्बूला कोंडलं होतं हो, तुम्हाला नाही!" आणि मग तिला धरबंध राहिला नाही. जोतं, रांगणं, चादर, दात, ताप, सगळं एका दमात. "तुम्ही आला नाहीत तर मी काय करू? हा खोकला की मी उठून बसते, याचे श्वास मोजते..."

"किती मोजतेस?"

"शंभरपर्यंत."

"आणि मग?"

"मग विसरते. पुन्हा एकपासून."

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं. ढब्बूकडं बघितलं. ढब्बू मिस्त्रीचा ओळंबा चोखत होता. त्यांनी तो काढून घेतला, त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं, कपाळाला हात लावला, आणि तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या आवाजात म्हणाल्या, "ठणठणीत आहे. स्टूल आणा."

"स्टूल?"

"खोलीला खिडकी आहे ना? मग अडलंय कुठं?"

मचाणाचं स्टूल आलं. सासूबाई खिडकीतून आत गेल्या. पिशवी आत गेली. आतून पावलं वाजली, मग आवाज आला.

"ऊन चांगलं येतं ग. मिस्त्री! दार इथं पाडा." आतून टकटक.

"कुठं ते दाखवा," मिस्त्री म्हणाला. "रेघ मारा."

"मारली."

"मला भिंतीतून दिसत नाही हो, आजी!"

मग मिस्त्रीही खिडकीतून आत गेला. रेघ बैठकीच्या भिंतीवर नव्हतीच. सासूबाईंनी ती सुनेच्या खोलीच्या भिंतीवर मारली होती.

"बैठकीतून दार नको मला," त्या आतून म्हणाल्या. "मधे दोन भिंती आल्या तर खोकला कसा ऐकू येणार? आणि दार होईपर्यंत मी इथून हलत नाही. मला चहा खिडकीतून द्या."

ढब्बूच्या आईनं चहा दिला. खिडकीतून. पहिल्यांदाच खराखुरा.

(तेव्हा घर बांधणाऱ्यांनी हेही लिहून ठेवावं. चौकट उरली तर आनंद मानू नये, दारं मोजावीत. तात्पुरतं काही केलं तर जाताना काढून टाकावं, निदान वाकडंतिकडं तरी लावावं. आणि न बोलणाऱ्या मिस्त्रीशी आपणच रोज बोलावं.)

मग स्लॅब पडला, गिलावा झाला, सगळे राहायला आले. सासूबाईंच्या दाराला आतून जाडजूड कडी बसवली. ती त्यांनी अजून एकदाही लावलेली नाही. ढब्बू खोकतो, दारातून आवाज येतो, "झोप ग, साधा आहे," आणि ढब्बूची आई झोपते.

नाही म्हणायला एक अडचण उरली होती. झाडाखालची चौकट दाराला गेली, आता दुपटी वाळत घालायची कुठं?

"म्हणजे काय?" सासूबाई म्हणाल्या. "एवढी गच्ची आहे की वर!"

खरंच की! ढब्बूच्या आईचं तोंड उजळलं. ती ओळ, ती पाखरं! तिनं पिळलेल्या दुपट्यांची बादली उचलली आणि निघाली. मागच्या दारानं बाहेर गेली. थोड्या वेळानं पुढच्या दारानं आत आली. पुन्हा मागच्या दारानं गेली. पुन्हा पुढच्या दारानं आली.

मिस्त्री पायरीला शेवटचा हात मारत बसला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"मिस्त्री... जिना?"

"रेघ नव्हती, वहिनी."

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं, घराकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "उलट जिन्याची जागा वाचली."

ढब्बूच्या आईनं बादली खाली ठेवली. आणि मग रोजच्या सवयीनं ती गच्चीवर गेली, मान वर करून.