सरांच्या चासीला तडा

डोंगरावर राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे जायचं तर चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, हे सरांच्या बायकोनेच सुचवलं. चालवणारही तीच, सर शेजारी बसून सूचना देत. पण पस्तीस वर्षं इंजिनियरिंग कॉलेजात 'पदार्थांची मजबुती' शिकवलेला माणूस नुसत्या गाडीवर थांबतो कसला! चिखलात रुतलो तर? म्हणून पुढे रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच आला. विंच पेलायला लोखंडी बंपर. वाटेत मुक्काम पडला तर? टपावर तंबू. तंबूत चढायला शिडी. (सरांचे गुडघे दुसऱ्याच पायरीला कुरकुरत, ते सोडा.)

अशी नटूनथटून गाडी तीन महिने दारात उभी राहिली आणि एका सकाळी बंपरमागे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, तडा दिसला.

"अहो, सोमवारी ताई लेकाकडे परदेशी चाललीय, कायमची," बायको म्हणाली. "त्याआधी भेट होणार आहे, की गाडीचा फोटो पाठवू तिला?"

सरांनी वेल्डर गाठला. "तड्यावर पट्टी मारा. जाड."

"सर, त्यापेक्षा..."

"मी हा विषय शिकवलाय!"

पट्टी बसली. दोन दिवसांत पट्टी संपते तिथे नवा तडा. मग दुसरी पट्टी, मग पलीकडून, मग आडवी. गाडी इतकी मजबूत झाली, की गॅरेजसमोरच्या चढावर धापा टाकू लागली. एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

रविवारी सकाळी बायको बॅग घेऊनच गॅरेजात आली. गाडीच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे वजनाने पार बसले होते.

"आता काय करायचं?" सरांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं.

वेल्डरने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "सर, ओळखलं नाहीत? तुम्ही पेपरात विचारलं होतंत, तुळई वाकतेय, काय कराल? मी लिहिलं, वरचं ओझं काढीन. तुम्ही शून्य दिलंत. वर लाल शाईत 'चावटपणा नको'. दोनदा नापास झालो, मग इथे आलो."

सरांना तपासलेले सगळे पेपर एकदम आठवले. असे आणखी किती?

"काढा हो सगळं," बायको म्हणाली.

दोन तासांत विंच, बंपर, तंबू, शिडी भिंतीशी लागली. गाडी हलकी होऊन चार बोटं वर उठली.

"झालं ना सगळं ओझं उतरून?" स्टिअरिंगवर बसत बायकोने विचारलं.

वेल्डरने सरांकडे पाहिलं. जुना धाक आड आला. बायकोने मात्र न दिलेल्या उत्तराला पूर्ण मार्क दिले आणि सरांना तिथेच ठेवून गाडी सुरू केली.

धूळ खाली बसल्यावर सर भिंतीला टेकलेल्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर टेकले. पायरी वाकायला लागली. काय करायचं ते आता सरांना पक्कं ठाऊक होतं.

ते उठले.