आदळलं की हादरलं?

आमच्या सोसायटीत गॅसवाला सिलिंडर तान्हं बाळ निजवावं तसा जपून खाली ठेवतो. कारण एकदा त्यानं तो जिन्यात दाणकन टाकला, तेव्हा तळमजल्यावरचे टिळेकाका बनियनवरच बाहेर धावले आणि गंभीरपणे म्हणाले, "आदळलं की हादरलं?"

"आदळलं ना साहेब! माझ्याच पायावर. लय लागलं!"

"छान," म्हणाले काका आणि समाधानानं आत गेले.

टिळेकाका चंद्राच्या थरथरीचे शास्त्रज्ञ. चंद्रावर ठेवलेल्या यंत्रानं कंप टिपल्यावर, बाहेरून उल्का आदळली की चंद्र आतून हादरला, हे ओळखायचं, हेच त्यांचं काम. निवृत्त झाले तरी जुन्या टीमचे फोन येतातच. शिवाय हौस म्हणून हॉलच्या फरशीवर तसलंच एक छोटं यंत्र बसवलंय. स्क्रीनवर सदा एक हिरवी रेघ धावत असते. देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला, की आमची तावदानं वाजतात आणि आम्ही वैतागतो. काका खुर्ची पुढे ओढून बसतात आणि "वा! आज काय जोर आहे!" म्हणून दाद देतात. सगळ्या बिल्डिंगची चाल त्यांना पाठ आहे. मला एकदा म्हणाले, "डावी चप्पल बदल. जिन्यात तुझा एकच पाय घासतो." घरी येऊन पाहिलं, तर टाच पार झिजलेली.

आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर राहतो. एकदा गेटपाशी ते आईला म्हणाले, "वहिनी, रोज सकाळी तुमच्याकडून फार स्पष्ट सिग्नल येतो हो!" हा सिग्नल म्हणजे आई चहासाठी खलबत्त्यात आलं कुटते तो. आईला ती तक्रारच वाटली. "सरळ बोलायला काय होतं माणसाला?" असं पुटपुटत तिनं दुसऱ्या दिवसापासून खलबत्त्याखाली जुन्या गोधडीची घडी घातली.

झालं, काका बिथरले. आधी त्यांनी यंत्र खोलून पुन्हा जोडलं. मग टीममधल्या कुणाला तरी फोन करून, स्वतःच फरशीवर उड्या मारून यंत्राची चाचणी घेतली. यंत्र ठणठणीत निघालं. तेव्हा मात्र ते जिना चढून आमच्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"वहिनी... बऱ्या आहेत ना?"

आई गाळणं हातात घेऊनच बाहेर आली. तिला पाहून काका चौकटीला टेकले.

"मला काय धाड भरलीय, भाऊजी?"

"रेघ सपाट झाली हो. मला वाटलं..."

आईनं ओशाळून गोधडी दाखवली. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास?" काका खाली बघत म्हणाले, "चंद्रावरचं आमचं यंत्र गारठून केव्हाच बंद पडलं. जुन्याच नोंदी पुन्हा पुन्हा वाचतो. आणि आमची ही, शालू, गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात काही वाजत नाही. तीही आलं कुटायची. तुमचं कुटणं ऐकू आलं, की मी माझा चहा ठेवतो. मग एकट्यानं पितोय असं वाटत नाही."

आईनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "मग उद्यापासून चहाला वरच या की!"

"छे छे!" काका घाबरलेच. "मी वर आलो, तर खाली ऐकणार कोण?"

गोधडी कपाटात गेली. आता आलं कुटून झाल्यावरही आई दोन ठोके जास्तीचे देते, आणि खालून छतावर काठीची टकटक येते.

आई इगतपुरीला मावशीकडे गेली, की ही ड्यूटी माझी. मला चहात आलं अजिबात आवडत नाही, म्हणून मी रिकामाच खलबत्ता कुटतो. परवा खालच्या खिडकीतून काका ओरडले, "आज हात वेगळा आहे रे!"

मी थांबलो. जरा वेळानं पुन्हा आवाज आला, "चालेल, चालेल. कूट तू."